री ओढणाऱ्यांच्या बाजूने

मागे उभं राहणाऱ्या माणसाचं मराठीला फारसं कौतुक नाही. ग्रामसभेत कुणी सरपंचांना दुजोरा दिला, की तो 'री ओढतो'. घरात एकच विषय तिसऱ्यांदा निघाला, की 'पुरे आता तुझं तुणतुणं'. पुढाऱ्यामागे माना डोलावणारे 'झील धरतात'. गंमत अशी, की री, झील आणि तुणतुणं हे तिन्ही शब्द गाण्याबजावण्यातले आहेत, आणि तिथे त्यांना काडीचाही कमीपणा नाही. उलट, तिथे री ओढणारा चुकला तर पुढचा माणूस तोंडघशी पडतो.

कलेतून भावना कशी पोचते यावर बोलताना आपण नेहमी पुढच्या माणसाकडे बघतो. गायकाचा गळा, नटाचे डोळे, शाहिराची ललकारी, कीर्तनकाराचं निरूपण. मागे काय चाललंय तिकडे लक्ष जात नाही. पण सांगली-मिरजेचा टापू घ्या, नाहीतर वर साताऱ्याच्या अंगाला लोणंद-फलटणपर्यंत जा. इथल्या कुठल्याही कलेची रचना उकलून पाहिली, तर एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने धरून ठेवायचं, ही जोडी सापडतेच. एकट्याने मांडलेलं दुःख हे त्याचं दुःख असतं. मागच्याने तोच सूर उचलला, की ते दोघांचं होतं, आणि मग समोर बसलेल्या तिसऱ्याला त्यात शिरायला फट मिळते. ही फट आपोआप पडत नाही, ती कुणीतरी हाताने करतं. कधी कानशीने.

कानस म्हटलं की मिरज आलीच. तिथल्या सतारमेकर गल्लीतली घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी आणि भाले घडवणाऱ्या-उजळणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम आटलं आणि हे हात तंतुवाद्यांकडे वळले. या बदलाशी फरीदसाहेबांचं नाव जोडलं जातं. पुढे मिरजेत गाणंही मोठं झालं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर इथेच शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि त्यांची कबरही मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच आहे. कारागिरांच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता : गिऱ्हाईक शेजारीच राहतं. वाद्य आज दिलं, तर तक्रार उद्या सकाळी दारात. शंभर मैलांवर माल पाठवणाऱ्याला असली शाळा मिळत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची खरी पुण्याई या दारातल्या तक्रारींची आहे असं आमचं मत आहे.

आता गायकामागे सूर धरून ठेवणाऱ्या तंबोऱ्याकडे येऊ. (दुकानात तानपुरा म्हणतात, घरात तंबोरा. इथे घरातला शब्द चालवू.) हे वाद्य शेतात सुरू होतं. कडू भोपळा, तोही जाड सालीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठच्या रानात पिकवलेला. वेलावर पूर्ण पिकून वाळेपर्यंत तो काढत नाहीत. कोवळा काढलेला भोपळा वाळताना आक्रसतो आणि घेराला पोचा येतो. पुरुषांच्या तंबोऱ्याला मोठ्या घेराचा भोपळा लागतो, आणि इतकं मोठं, सारखं गोल, बुडाशी न चेपलेलं फळ शेतात थोडंच मिळतं. म्हणून कारागीर भोपळे घेतो तेव्हा प्रत्येकावर टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर साल सगळीकडे सारखी. एखाद्या जागी आवाज बसका आला, तर तिथे साल पातळ आहे किंवा आतून कीड लागली आहे. तोंड कापून भोपळा पाण्यात भिजत ठेवतात. साल नरम पडली की आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आणि काड्यांचा ताण देऊन हव्या त्या गोलाईत वाळवायचा. घाई केली तर तो पुन्हा मूळ आकाराकडे ओढ घेतो. तोवर त्यावर लाकूड चिकटलेलं असेल, तर सांधा उकलतो.

लाकूड बहुधा तुणीचं. वजनाला हलकं, कापायला सरळ, आवाजाला मोकळं. दांडी आतून पोकळ असते. भोपळा आणि दांडी यांच्यामध्ये गळा बसतो. सांधा सरसाने जोडतात, आणि त्यावर कोरलेली पानं येतात. ती पानं शोभेची वाटतात, पण सांध्याला आधारही देतात. भोपळ्याच्या उघड्या तोंडावर तबली, म्हणजे लाकडी झाकण. तिला किंचित फुगवटा ठेवावा लागतो, कारण चार तारांचा दाब रात्रंदिवस तिच्यावर असतो. तबली जाड राहिली तर वाद्य बोद वाजतं, म्हणजे आवाज आतल्या आत घुटमळतो. फार पातळ केली तर सुरुवातीला मस्त बोलते आणि वर्ष-दोन वर्षांत घोडीखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली, खचते. यावर नेमकं माप कुणी सांगत नाही. अंगठ्याने दाबत आणि बोटाने ठोकत ठरवतात. शेवटी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात. तोही कापडाच्या बोळ्याने, पातळ, पुन्हा पुन्हा. चकाकी यावी म्हणून एकदम जाड थर दिला, की तबलीवर जणू गोधडी पांघरली. बाजारातल्या स्वस्त आणि फार चमकणाऱ्या तंबोऱ्यांचं हेच दुखणं आहे.

इथवर सुतारकाम झालं. तंबोरा अजून मुका आहे.

त्याला वाचा फुटते ती घोडीवर. व्हायोलिनची तार एका बारीक कडेवर टेकते, तिथेच तिचं कंपन संपतं. तंबोऱ्याची घोडी बोटभर रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी मंद उतार असतो. इतका मंद, की नुसत्या डोळ्याला ती सपाटच वाटावी. तार हलते तेव्हा त्या उतारावर ती थोडी चिकटते, थोडी सुटते. टेकण्याची जागा क्षणोक्षणी पुढेमागे होते. या घासटण्यातून मूळ सुराबरोबर वरचे सूर जागे होतात आणि एकामागून एक उलगडतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या या घोडीवर लिहिलं होतं. तार जिथे छेडली तिथला विचार केला तर जे वरचे सूर उमटायलाच नकोत, तेही इथे ऐकू येतात, हे त्यांना विशेष वाटलं. कारागिरांच्या भाषेत याला एकच शब्द आहे : जवारी.

जवारी काढणं म्हणजे त्या उताराला आकार देणं. घोडी पूर्वी हस्तिदंताची, सांबरशिंगाची करत. ते आता कायद्याने बंद झालं, म्हणून उंटाचं हाड, कठीण लाकूड किंवा फायबर वापरतात. तारा सैल करायच्या, घोडी मोकळी करायची, बारीक कानस सरळ धरून दोन-चार हात फिरवायचे, पॉलिशपेपरने गुळगुळीत करायची, पुन्हा बसवायची, तारा चढवायच्या, सुरात आणायच्या, ऐकायचं. मग परत सगळं खोलायचं. हे चक्र एका तंबोऱ्यासाठी कितीतरी वेळा फिरतं. घाई असलेला माणूस खोलायचा कंटाळा करतो आणि अंदाजाने एकदम जास्त घासतो. तिथेच चूक होते, कारण घासलेलं हाड परत येत नाही. पुढच्या कडेला जास्त गेलं तर तार चरचरते, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. मधे खड्डा पडला तर तार दोन टोकांवर टेकते आणि आवाज फाटतो. फारच कमी घासलं तर जवारी बंद राहते. सूर असतो, पण त्याला शेपूट नसतं. शिवाय चार तारांखाली घोडीच्या चार पट्ट्या आहेत असं समजा. पोलादी तारेला लागणारा उतार जाड पितळी खर्जाला, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेला, चालत नाही. तीन तारा बोलताहेत आणि खर्ज घशात अडकलाय, ही नेहमीची तक्रार.

चांगली जवारीही कायम टिकत नाही. रोज रियाज असेल तर तार घोडीवर हळूहळू चर पाडते. त्या चरीत ती रुतून बसते, घासटणं थांबतं आणि तंबोरा दिवसेंदिवस मलूल होत जातो. हे इतकं सावकाश होतं, की रोज ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. बाहेरून आलेला पाहुणा सांगतो, 'बुवा, जवारी उतरलीय.' तारा नव्या घातल्या की ठीक होईल असं बऱ्याच जणांना वाटतं. नव्या तारेने दोन दिवस झळाळी येते, चर तशीच राहते.

आणि एवढं सगळं करून शेवटचा शब्द असतो सुताचा. साधा कापसाचा धागा. तो तार आणि घोडी यांच्यामध्ये घालून केसभर केसभर पुढेमागे सरकवायचा. एका जागी तंबोरा ठक्क वाजतो. तिथून जरा सरकवला की अचानक दार उघडल्यासारखा आवाज खुलतो. आणखी थोडा सरकवला की पुन्हा बंद. ती एक जागा. धागा जाड असेल तर ती सापडतच नाही. नायलॉनचा दोरा गुळगुळीत असतो, तो छेडता छेडता आपली जागा सोडतो. सूर बदलला तर सूत पुन्हा लावावं लागतं. पेटीच्या काळी एक पट्टीला खुलणारी जागा काळी तीनला खुलत नाही, कारण तारेचा ताण बदललेला असतो. मराठीत 'सूत जमणं' म्हणजे दोन माणसांचं पटणं. तो वाक्प्रचार कुठून आला ते भाषेच्या अभ्यासकांनी सांगावं. तंबोरा लावणाऱ्याला मात्र तो हातात कळतो.

लावण्याचा क्रम बहुतेकांचा असा : आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, षड्जाला. मग खर्ज त्याच्या खालच्या सप्तकात. शेवटी पहिली तार पंचमाला. मालकंसासारखा पंचम नसलेला राग असेल तर मध्यमाला, मारवा किंवा पूरिया असेल तर निषादाला. खुंटीने जवळपास आणायचं आणि घोडीमागच्या मण्यांनी शेवटचा रेसभर फरक काढायचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खुंटी जागची हलत नाही. जोर केला तर मान मोडते. उन्हाळ्यात उलट, खुंटी सैल होऊन सरसरत मागे फिरते, तिला खडू लावावा लागतो. नवी तार दोन-तीन दिवस ताणत राहते, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तार बदलणाऱ्याला गुरू लोक बोलतात ते योग्यच.

सगळं जुळलं की एक नवल घडतं. कुठलीही तार गंधाराला लावलेली नसते, तरी गंधार ऐकू येतो. खर्जाच्या तारेच्या पोटातला पाचवा अंश म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार, आणि जवारी खुली असेल तर तो तरंगत वर येतो. गायक त्याची वाट बघत असतात. तो आला की डोळे मिटतात आणि पहिला 'सा' लागतो. श्रोत्यांना वाटतं भावना आत्ता सुरू झाली. पाच मिनिटांपूर्वी खुंट्यांची करकर चालली होती, कुणी घड्याळ बघत होतं, कुणी चप्पल नीट ठेवत होतं, त्या वेळात सगळ्या सभागृहाचे कान एका सुरावर गोळा झाले होते, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

या सुरांचं वेड इथल्या मातीत जुनंच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या आणि वाद्याच्या आधाराने बावीस श्रुती मोजायचा खटाटोप केला आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यांच्या मोजमापांवर वाद झाले, होणारच. पण सरकारी अधिकारी आणि खाँसाहेब समोरासमोर बसून एक सूर किती वर, किती खाली, याचा काथ्याकूट करताहेत, हे चित्र लोभस आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच कृष्णाजींचे भाऊ. एकाने भावना मोजायला घेतली, दुसऱ्याने ती रंगमंचावर मांडली.

तंबोरा वाजवणं सोपं वाटतं, म्हणून ते नवशिक्या शिष्याकडे येतं. मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने उरलेल्या तीन. तार खेचायची नाही, बोटाच्या कडेच्या मांसल भागाने तिच्यावरून ओघळायचं. गती सारखी ठेवायची आणि तबल्याकडे कान असूनही त्याच्या मागे जायचं नाही. इथेच नवखा फसतो. द्रुत सुरू झालं की त्याचं बोट नकळत घाई करतं, समेवर तो झटका देतो, आणि गायकाच्या पायाखालची जमीन हलते. दीड-दोन तास न रंगता रंगात राहायचं, अशी ही विचित्र नोकरी. पण बुवांच्या मागे हातभर अंतरावर बसून त्यांचा श्वास कुठे भरला, कुठे चोरला, हे जितकं दिसतं तितकं समोरून दिसत नाही. निम्मी तालीम तिथे होते.

आता डबीतला तंबोरा आला, मोबाइलमध्येही आला. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. भाड्याच्या खोलीत पाच फुटी वाद्य ठेवणार कुठे? पहाटे एकट्याने रियाज करणाऱ्याला तो देवासारखा आहे. मात्र तो उतरत नाही, म्हणून कुणाला तो लावायला शिकावं लागत नाही. आणि लावायला न शिकलेला कान पंचम बरोबर आहे हे मान्य करतो, तो बरोबर कसा झाला हे त्याला ठाऊक नसतं. मैफलीत मात्र खरा तंबोरा असूनही साउंडवाला त्याचा आवाज दाबून टाकतो, हे जास्त खटकतं. तबलीसमोर थोड्या अंतरावर एक माइक आणि गायकाच्या मॉनिटरमध्ये तो ठळक सोडणं, एवढंच मागणं असतं.

तंबोऱ्याचा गावाकडचा भाऊ म्हणजे तुणतुणं. पोकळ लाकडी नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं मढवलेलं, कातड्याच्या मध्यातून ओवलेली एक तार, बाजूला ठोकलेली काठी आणि काठीच्या शेंड्याला खुंटी. संपलं. ना भोपळा, ना जवारी. लाकडाच्या बारक्या तुकड्याने तार छेडायची. गोंधळ्याच्या संबळाशेजारी तेच, शाहिराच्या डफाशेजारी तेच, तमाशाच्या ढोलकीमागेही तेच. जत्रेतला फड रात्री उभा राहतो, दव पडतं, कातडं ओलावून सैल होतं आणि तुणतुण्याचा सूर खाली घसरतो. हलगी शेकोटीवर धरून तापवता येते, तुणतुणं तसं शेकता येत नाही. म्हणून तुणतुणेवाला गाता गाता, बाईच्या नाचाकडे न बघता, खुंटी पिळत असतो. प्रेक्षकांना वाटतं, बघा, याला काही कामच नाही.

त्याचं दुसरं काम झील. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष, अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगाव, दोन्ही वाळवा तालुक्यातली गावं. काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीच्या उशाला. या पट्ट्यात झील म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण ती कशी धरतात हे ऐकून मात्र बघावं. शाहिराची ओळ संपायच्या आत सुरत्ये, म्हणजे झील धरणारे साथीदार, शेवटचा स्वर उचलतात. संपल्यावर नव्हे. मधे एका श्वासाचं अंतर पडलं तरी ओळ जमिनीवर आपटते. हात कानावर असतो तो ऐटीसाठी नाही. ढोलकी-हलगीच्या दणक्यात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून. 'जी जी रं जी'ला अर्थ नाही, आणि नसावाच. शाहिराने लढाईत पडलेल्या गड्याचं नाव घेतलं, त्यानंतर लोकांना ते नाव मनात घोळवायला चार मात्रा हव्या असतात. अर्थाचे शब्द घातले तर लोक पुन्हा ऐकायला लागतील. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो आणि गर्दीचा अंदाज घेतो. झील जोरात आली तर कडवं वाढवायचं. झीलच थकली असेल तर गर्दीही थकली आहे, विनोदाकडे वळलेलं बरं. झील हा फडाचा तापमापक असतो.

नाटकाचंही मूळ याच मांडणीत आहे. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर विष्णुदास भाव्यांनी पहिला खेळ केला. त्या खेळांत पात्रं पदं म्हणत नव्हती. पदं म्हणायचा सूत्रधार, आणि त्याचे साथीदार ती उचलून धरायचे. सीतेचं दुःख सूत्रधाराच्या तोंडून यायचं, सीतेचं सोंग घेतलेला ते अंगाने दाखवायचा, आणि मग आयत्या वेळी सुचेल तसं बोलायचा. पुढे संगीत नाटकात नट स्वतः गाऊ लागला तेव्हा दुःख आणि गळा एका माणसात आले. त्याने नाटक मोठं झालं यात शंका नाही. पण सूत्रधाराच्या वेळची एक सोय गेली. तेव्हा प्रेक्षकाला नटाच्या गळ्याची काळजी नसायची.

सातारा जिल्ह्यात ज्ञानोबांची पालखी शिरली की मागचे आणि पुढचे हा भेदच पुसला जातो. लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. हजारो टाळ. टाळ काशाचा असतो आणि त्याला तडा गेला की तो लगेच भद्द बोलतो. दिंडीतला जुना टाळकरी शेजाऱ्याचा टाळ न बघता सांगतो, 'बदल तो.' मुक्कामाला समाजआरती असते. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात. चोपदार दंड उंच करतो आणि तो कोलाहल एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीचं काही हरवलंय, किंवा ज्यांची तक्रार आहे, ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. शांततेत एकच टाळ. मग चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो. तक्रार मांडायची याहून सुरेल पद्धत आमच्या तरी माहितीत नाही.

आणि गावोगावच्या सप्ताहात वीणा. सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. पहारे लावलेले असतात. पहाटे दोनचा पहारा बहुधा तरण्या पोराच्या वाट्याला येतो, आणि त्याला झोप आवरत नाही. छेड मंदावते, पुन्हा सावरते. नवा विणेकरी आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग ते वय बघत नाहीत, जात बघत नाहीत, भावकीतला बांधाचा वाद तर त्या वेळी विसरावाच लागतो, कारण वीणा गळ्यातून गळ्यात जाताना दोघांना अगदी जवळ यावं लागतं. तार एक-दोनच. राग नाही, चाल नाही. ती फक्त थांबू द्यायची नसते.

मैफल संपल्यावर पुढे गर्दी जमते. कुणी पाया पडतं, कुणी फोटो काढतं, कुणाला 'तो अमुक राग होता का' हे विचारायचं असतं. मागे तंबोरेवाला कोरड्या फडक्याने चारही तारा पुसून घेतो, कारण बोटांचा घाम राहिला तर पोलादी तार गंजते. खर्ज थोडा उतरवतो. सूत आहे तिथेच ठेवतो, उद्या शोधायला नको. तंबोरा गवसणीत घालतो, दांडीकडून नव्हे, भोपळ्याकडून उचलतो. गाडीत भोपळा मागच्या सीटवर, दोन शिष्यांच्या मध्ये, मऊ उशीवर. दांडी मात्र मागे मावत नाही, ती पुढच्या दोन सीटच्या मधून थेट काचेपर्यंत येते. मिरजेपर्यंत बुवांना मान जरा वाकडी करूनच बसावं लागतं.